रात्रीची जकात

वैशाखऱ्याला आम्ही 2004 ते 2011 अशी सात वर्षे मास्तरकीत काढली. कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेजकडे जाणारी एसटी घाट चढण्याआधी ज्या गावांना हात दाखवल्यावर थांबते, त्यांतले हे एक गाव. नाणेघाटाची पायवाट इथूनच वर जाते. आजूबाजूला ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या. पावसाळ्यात भाताची लावणी, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट. आमचे मुसलमानाचे घर एकच, पण ईदच्या शीरखुर्म्याला सारी आळी हजर असे आणि गणपतीचे मोदक आमच्या घरी मोजून नव्हे, ताट भरून येत. तेव्हा परकेपणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती आमची आमच्याशीच, आणि ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहोत.

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात विंचू बाहेर पडतात. अशाच एका जूनच्या रात्री, साडेनऊच्या सुमाराला, आमच्या सात वर्षांच्या मुलाला विंचू चावला. कोकणातला लाल विंचू म्हणजे नुसते ठणकणे नव्हे. लहान मुलाच्या हृदयावर त्याचे विष जाते, घाम फुटतो, उलट्या होतात, फुप्फुसात पाणी होते. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी या दंशावर वापरून दाखवली. त्याआधी अशी कितीतरी मुले हातातून जात. आम्ही नर्सबाईंच्या दारावर थाप मारली. बाई विदर्भातल्या. नवरा तिकडे, मुलगी वसतिगृहात, बाई इथे एकट्या. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी देऊन ठेवलेली गोळी त्यांनी मुलाला दिली आणि कुणी सांगण्याआधीच जीपमध्ये आमच्या शेजारी येऊन बसल्या.

सरळगाव मागे पडले तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, जवळ काही गोड आहे का?"

खरे सांगतो, आम्हाला राग आला. मूल मांडीवर घामाने निथळते आहे, आणि हिला गोड सुचते आहे! ड्रायव्हरने सुट्ट्या पैशांऐवजी मिळालेली तीन-चार चॉकलेटे पुढच्या फळीवर ठेवली होती, ती दिली. बाईंचे हात कापत होते. कागद सोडवता येईना, तेव्हा एक कागदासकट दातांनी फोडले. मुलाच्या नाडीवरचे दुसरे बोट मात्र त्यांनी उचलले नाही.

मुलगा वाचला. आज तो पंचविशीच्या आसपास आहे. बाईंना गेली सहा वर्षे साखरेचा आजार होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या बाकावर बसल्यावर कळले. रात्रीची गोळी त्यांनी घेतली होती, ताट वाढले होते, आणि तेवढ्यात आमची थाप पडली. गोळी पोटात आणि जेवण ताटात, मग साखर उतरणार नाही तर काय? "कुणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "आजारी नर्सकडून सुई कोण टोचून घेईल?"

त्या वाक्याने आम्हाला वीस वर्षे सोडलेले नाही.

आपल्याकडे गुळाची एक गोष्ट आहे. आई मुलाला घेऊन साधुपुरुषाकडे जाते, याचे गूळ खाणे सोडवा म्हणते. तो म्हणतो, आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी तो मुलाला एवढेच सांगतो की बाळ, गूळ खाऊ नकोस. मग हे तेव्हाच का नाही सांगितले? तर तेव्हा मी स्वतः गूळ खात होतो. ही गोष्ट ज्याला ज्याचा पीर त्याच्या नावावर सांगितली जाते. कुणी साधूच्या नावाने सांगतो, कुणी सूफीच्या, गुळाच्या जागी खजूर येतो. सगळ्यांना ती आवडते, कारण तिच्यात न्याय सोपा आहे. जो पाळतो त्यानेच सांगावे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हणही त्याच कुळातली. डॉक्टरच्या खोलीत पथ्याचा कागद हातात घेताना आपली नजर डॉक्टरच्या पोटाकडे जाते आणि मनात हसू फुटते, ते याच न्यायाने.

पण या गोष्टीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. गूळ सोडणे साधूच्या हातात होते. त्याला कुणी रात्री साडेनऊला उठवत नव्हते.

आता थोडे शास्त्राकडे वळू, कारण भावनेवर हा मुद्दा उभा करायचा नाही. आपल्या शरीरात दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. ते पेशींत कसे चालते हे शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल मिळाले. या घड्याळाप्रमाणे स्वादुपिंड सकाळी तत्पर असते आणि रात्री आळसावते. तोच घास, तेवढीच पोळी, पण रात्री खाल्ली तर रक्तातली साखर अधिक चढते आणि अधिक वेळ चढलेली राहते. अमेरिकेत 2009 साली दहा निरोगी माणसांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांचे झोपण्या-जेवण्याचे वेळापत्रक घड्याळाच्या उलट फिरवले. ज्या आठ जणांची पुरती मोजणी झाली, त्यांतल्या तिघांची जेवणानंतरची साखर अवघ्या काही दिवसांत मधुमेहाच्या उंबरठ्यावर गेली. ही माणसे आजारी नव्हती, त्यांची फक्त रात्र हलवली होती.

त्याहून मोठा पुरावा परिचारिकांचाच आहे. अमेरिकेत 1976 मध्ये आणि पुन्हा 1989 मध्ये परिचारिकांचे दोन मोठे गट निवडून त्यांच्या आरोग्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यांपैकी पावणेदोन लाखांहून अधिक जणींचा हिशेब 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसपाळ्यांच्या जोडीने महिन्यात निदान तीन रात्री काम करणाऱ्या बायका त्यात पाळीच्या धरल्या होत्या. एक-दोन वर्षे अशी पाळी केलेलीचा मधुमेहाचा धोका, कधीच न केलेलीपेक्षा 5 टक्क्यांनी जास्त. तीन ते नऊ वर्षे केली तर 20 टक्क्यांनी, दहा ते एकोणीस वर्षांत 40, आणि वीस वर्षे ओलांडली की 58 टक्क्यांनी. कुणी म्हणेल, रात्री जागणारी बाई खाते जास्त, जाड होते, म्हणून होतो. संशोधकांनी वजनाचा वाटाही वजा करून पाहिला. आकडे बरेच खाली आले, पण वीस वर्षांवाल्यांचे 24 टक्के उरलेच.

त्या बहुतेक गोऱ्या बायका होत्या. आपले शरीर वेगळे आहे, आणि ते किती वेगळे आहे हे एका मराठी डॉक्टरने स्वतःचेच शरीर मोजून दाखवले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांची उंची-वजनाची पट्टी अगदी एक, 22.3. दिसायला दोघेही सडपातळ. पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9.1 टक्के, आणि आमच्या पुणेकराच्या अंगात 21.2! याचे मूळ त्यांना पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतिणींच्या घरी सापडले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो. हातपाय काटकुळे, स्नायू कमी, पण चरबी मात्र जपून ठेवलेली. उपाशी आईच्या पोटात बाळ पुढच्या दुष्काळाची तजवीज करून येते म्हणा ना. ज्या मुलीची आई नवव्या महिन्यात गुडघाभर चिखलात लावणी करते, ती मुलगी पुढे नर्स होऊन शहरात रात्रपाळी करते तेव्हा तिचे शरीर दोन बाजूंनी कात्रीत सापडते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात मधुमेहाचे रुग्ण 10.1 कोटी, आणि उंबरठ्यावर उभे असलेले 13.6 कोटी. या गर्दीत इलाज करणारेही आहेतच.

ते स्वतः का सांभाळत नाहीत? ज्ञान असताना माणूस चूक करूच शकत नाही, असे सॉक्रेटिसचे मत होते. त्याने आमच्या ओळखीचे डॉक्टर पाहिले असते तर मत बदलले असते. पण डॉक्टरांवर हसण्याआधी इब्न सीनाचे पाहा. वैद्यकातला आपला हा मानाचा पुरुष. त्याच्या 'कानून' या ग्रंथात मधुमेहाची ओळख आहे. ते गोड लघवीचे दुखणे तिकडे जसे हकिमांना ठाऊक होते, तसे इकडे सुश्रुताच्या वैद्यांनाही ठाऊक होते. हा इब्न सीना अमीर अलाउद्दौलाच्या लष्कराबरोबर फिरत असताना पोटशुळाने आजारी पडला. लष्कर पुढे निघून जाईल, आपण मागे पडू, या धास्तीने त्याने लवकर बरे होण्यासाठी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. त्याचा शिष्य जुझजानी याने लिहून ठेवले आहे की त्यामुळे आतड्याला जखमा झाल्या. पुढे थोडा सावरला, पुन्हा प्रवास केला, पुन्हा पडला, आणि 1037 मध्ये हमदानला वारला. त्याच्याकडे ज्ञान कमी होते असे कोण म्हणेल? त्याच्याकडे सवड नव्हती. पलीकडे लष्कर निघाले होते.

नर्सबाईंना जी लाज वाटत होती तिचेही उत्तर इतिहासात आहे, पण ते त्यांना कुणी सांगितले नव्हते. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स तरुणपणी मधुमेहाने खंगले आणि शेवटचे दिवस काढायला इटलीत फ्लॉरेन्सला गेले. 1923 मध्ये लंडनहून मित्राची तार आली की इन्शुलिन मिळाले आहे, परत या. ते परतले, जगले, पुढे इंग्लंडमधले मधुमेहाचे नामांकित डॉक्टर झाले, आणि 1934 मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाला, तोही मधुमेहीच, सोबत घेऊन त्यांनी रुग्णांची संघटना काढली. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. जॉर्ज मिनो यांना रक्तक्षयावरच्या उपचारासाठी नोबेल मिळाले. तेही इन्शुलिनवर जगत होते. या दोघांच्या हातून इलाज घेताना रोग्यांना काही कमी वाटले नाही. तेव्हा आजारी हाताने टोचलेली सुई बाटत नाही. बाटतो तो विश्वास, आणि तोही लपवावे लागते म्हणून. आज आम्हाला वाटते, त्या जीपमध्ये आम्हाला माहीत असते तर डब्यात चार पोळ्या घेऊन निघालो असतो. त्यांनी लपवले म्हणून आम्ही रागावलो, आणि आमच्यासारखे लोक असतात म्हणून त्यांनी लपवले.

वैशाखऱ्याहून नाणेघाटात चढून गेलात तर माथ्यावर सातवाहनांच्या काळातली गुंफा आहे, राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि वाटेच्या कडेला एक दगडी रांजण आहे. घाट चढून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात या रांजणात पडे, असे गावकरी सांगतात. मुलांच्या सहली नेताना आम्ही हेच सांगत असू. जकात हा मराठी शब्द आपल्या अरबी जकातीतूनच आला, हेही वर्गात सांगून आम्ही थोडी फुशारकी मारत असू. पण दोन्हींत फरक आहे, आणि तो आम्हाला फार उशिरा लक्षात आला. नाक्यावरची जकात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडून वसूल होते. दीनातली जकात तशी नाही. तिला निसाब आहे. गरजा भागून ठरावीक मालमत्ता वर्षभर शिल्लक राहिली तरच, आणि तीही शेकडा अडीच. ज्याच्याकडे उरतच नाही त्याच्याकडून घेणे हा हक नव्हे, उलट त्यालाच देणे लागते.

नर्सच्या, डॉक्टरच्या शरीरातून आपण जी वसुली करतो तिला निसाब कुठे आहे? 1992 साली केंद्र सरकारने निवासी डॉक्टरांसाठी आदेश काढला, त्यात काम साधारणपणे दिवसाला 12 तासांवर आणि आठवड्याला 48 तासांवर जाऊ नये असे म्हटले होते. म्हणजे निसाब कागदावर ठरला होता. छत्तीस-छत्तीस तास उभ्या असलेल्या पोराला विचारा की तो कागद कुठे आहे. आणि हे सगळे आपण 'खिदमत' या एका गोड शब्दात गुंडाळतो. खिदमत स्वखुशीने केली तर खिदमत. नाकारता येत नसेल तर तिला दुसरे नाव आहे, ते वाचकांना ठाऊक आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे, तो आम्ही टाळणार नाही. कामाची निवड तिने केली, पगार घेते, मग तक्रार कशाची? शिवाय विंचू घड्याळ पाहून चावत नाही. रात्री कुणीतरी जागे असलेच पाहिजे. दोन्ही खरे. आमचे मूल त्या रात्री कुणाच्या तरी जागण्यावरच जगले. पण निवडीपुरते बोलायचे तर वीस वर्षांच्या रात्रींची किंमत काय, हे नोकरीच्या कागदावर कुणी लिहून देत नाही. न सांगितलेल्या किमतीला संमती कशी म्हणावी? आणि जागण्यापुरते बोलायचे तर सलमान फारसी आणि अबू दर्दा यांची हकीकत आठवा. अबू दर्दा दिवसा रोजा आणि रात्रभर नमाज असे करू लागले, तेव्हा सलमाननी त्यांना रात्रीच्या पहिल्या प्रहरात बळेच झोपायला लावले. पहाटेकडे दोघांनी उठून नमाज पढली. शरीराचाही तुमच्यावर हक आहे, घरच्यांचाही आहे, असे सलमाननी समजावले, आणि रसूलुल्लाहनी त्यांचे म्हणणे मान्य केले. इबादतीलाही जिथे झोपेचा वाटा वगळून मागता येत नाही, तिथे ड्यूटीला कसा मागता येईल? सलमाननी रात्र बंद केली नाही, तिची वाटणी केली. दवाखान्यात याचा अर्थ माणसे वाढवणे, रात्री आळीपाळीने वाटणे, रात्रपाळीनंतर खरोखरची सुट्टी देणे, वॉर्डात ताटलीभर नीट जेवण ठेवणे, आणि दर वर्षी त्यांचीही साखर तपासणे. फार मोठ्या गोष्टी नाहीत. फक्त खर्चाच्या आहेत.

इथवर लिहून आम्ही सरकारवर आणि दवाखान्यांवर बोट ठेवून मोकळे होऊ शकलो असतो. पण आमची धाकटी बहीण कल्याणला नर्स आहे.

तिने नर्सिंगचा फॉर्म भरला तेव्हा घरात आठ दिवस चूल थंडच होती म्हणायची. आमच्या समाजातल्या मुली तेव्हा डी.एड.ला जात, शिवणकाम करीत. नर्सिंग म्हटले की लोकांचे डोळे वर. विरोध होता तो रात्रपाळीला. लोक काय म्हणतील, पोर रात्रीची एकटी कुठे जाते, उद्या स्थळ कोण आणेल. अब्बांनी हे विचारले, मामूंनी विचारले, आम्ही शिकलेले म्हणवणाऱ्यांनीही विचारले. रात्री जागून तिच्या जिवाचे काय होईल, हे मात्र कुणीच विचारले नाही. रात्रीला आमचा विरोध होता तो आमच्या अब्रूसाठी. पगार सुरू झाला तशी अब्रूही हळूहळू गप्प झाली.

लग्नानंतर तिची दुसरी पाळी सुरू झाली. सकाळी साडेआठला घरी येऊन ती स्वयंपाकाला लागे. दिवसा झोपणारी सून म्हणजे घराला लागलेली अवदसा, असे तिच्या सासूबाई तोंडावर म्हणत नसत, पण भांडी जरा जोराने ठेवत. रमजानात तर रात्री वॉर्ड, पहाटे वॉर्डातच दोन खजुरांची सहेरी, आणि संध्याकाळी इफ्तारीची भजी तळायला पुन्हा हीच. आणि आम्ही? आम्ही रोज नव्हे, पण आठवड्यातून दोनदा तिला फोन करत असू, दुपारी सव्वाबाराला. आमची तेव्हा मधली सुट्टी असे. ती दर वेळी दुसऱ्या रिंगला उचले. "झोपली होतीस का?" असे आम्ही विचारायचो. "नाही भाईजान, जागीच होते." या उत्तरावर आम्ही वर्षानुवर्षे विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता. एकेचाळिसाव्या वर्षी तिची साखर निघाली. तेव्हा तिच्या नाइटला अठरा वर्षे झाली होती. वर दिलेले आकडे आम्ही त्यानंतर वाचले, आणि वाचताना आमच्या मनात सव्वाबाराची घंटा वाजत होती.

तिला मधुमेह आमच्या फोनमुळे झाला असे नाही. आईलाही होता, मावशीलाही होता. एका माणसाच्या आजाराचे खापर एकाच कारणावर फोडता येत नाही, आणि नेमके म्हणूनच आपल्यापैकी प्रत्येकजण सुटतो. दवाखाना म्हणतो वंशाचा दोष, घर म्हणते दवाखान्याचा, डॉक्टर म्हणतात खाण्याचा, आणि ती स्वतः म्हणते नशिबाचा. नाण्याचे वजन कुणालाच जाणवत नाही, रांजण मात्र भरतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. भाची बारावी झाली आहे, आईच्या वाटेने जायचे म्हणते. अर्ज टेबलावर होता, पालकाच्या सहीची जागा कोरी. तिच्या वडिलांनी पेन आमच्यापुढे सरकवले, तुम्ही मास्तर, तुम्ही सांगा. आम्ही चष्मा शोधत होतो तेवढ्यात पोरीने विचारले, "मामू, महिन्यात नाइट किती असतात?"

आम्ही म्हणालो, हे तुझ्या अम्मीला विचार. दुपारचे दोन वाजले होते. आतल्या खोलीचा पडदा ओढलेला होता, आणि सासूबाई दाराशी पाट टाकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी ओठावर बोट ठेवले. मग आम्ही सगळेच अर्ज तसाच ठेवून, ती उठायची वाट पाहत बसलो.